मागण्याचा हक्क नसलेल्यांचे कल्याण : पोलीस, त्यांची घरे आणि शंभर वर्षांचा एक प्रश्न

१/
१८ ऑगस्ट १९८२. मुंबईत लष्कराला पाचारण करण्यात आले होते. कारण दंगल होते, पण ती आवरण्यासाठी जे एरवी रस्त्यावर उभे राहतात, तेच त्या दिवशी दुसऱ्या बाजूला होते. वरळी आणि नायगावच्या पोलीस वसाहतींतून शिपाई बाहेर पडले होते आणि सरकार आपल्याच पोलिसांविरुद्ध सैन्य बोलावत होते.

२/
हा दिवस आज फारसा कुणाला आठवत नाही. १९८२ म्हटले की डॉ. दत्ता सामंत आणि गिरणी संप आठवतो. परंतु पोलिसांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या ‘कल्याणा’विषयी आज जी चर्चा होते, तिचे मूळ समजून घ्यायचे असेल, तर या दिवसापाशी थांबावे लागते. आणि तिथून आणखी मागे, १९१९ आणि १८६१ पर्यंत जावे लागते.

३/
या धाग्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : भारतातील शासनाने पोलिसांना घरे दिली, भत्ते दिले, मदतनिधी दिले. पण आपल्याला काय हवे ते एकत्र येऊन सांगण्याची अधिकृत वाट बहुतेक ठिकाणी दिली नाही. त्यामुळे पोलीसकल्याण हा हक्क न होता उपकार राहिला. आणि उपकार करणाऱ्याची मर्जी फिरली की तोही बदलतो.

४/
प्रारंभ कायद्यापासून. १८५७च्या उठावानंतर ब्रिटिशांनी पोलीस यंत्रणेची फेरमांडणी केली आणि १८६१चा पोलीस कायदा आला. त्याच्या कलम २२ नुसार प्रत्येक पोलीस अधिकारी सर्व प्रयोजनांसाठी ‘सदैव कर्तव्यावर’ मानला गेला. कलम ९ नुसार त्याला परवानगीवाचून, किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्यावाचून, नोकरी सोडता येत नव्हती.

५/
मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे होते. पण कल्पना तीच होती आणि ती स्वातंत्र्यानंतरही टिकली. १९५१चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या कलम २८ मध्ये पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले आहे. राज्यकर्ते बदलले, राज्यघटना आली, शिपायाचे घड्याळ मात्र जुनेच राहिले.

६/
या एका वाक्याचा परिणाम काय होतो? ‘सदैव कर्तव्यावर’ असलेल्या माणसाच्या कामाचे तास मोजण्याची गरज उरत नाही. तास मोजले जात नाहीत, म्हणून जादा तास ही संकल्पनाच उभी राहत नाही. साप्ताहिक सुट्टी ही रजा न राहता सवलत होते. सणासुदीला बंदोबस्त लागला की ती सर्वांत आधी रद्द होते.

७/
आता वेतन. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०२ मध्ये, सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला गेला. आयोगाने पोलीस दलाचे अत्यंत कठोर परीक्षण केले : अकार्यक्षम, अपुऱ्या प्रशिक्षणाचे, भ्रष्ट आणि लोकांना जाचक. त्याच आयोगाने शिपायाचे किमान वेतन दरमहा ८ रुपये असावे, असे सुचवले.

८/
या दोन गोष्टी एकाच अहवालात आहेत, हे महत्त्वाचे. उपाशी शिपाई लाच घेणार, हे साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनाही कळत होते. पण खुद्द शिपायाला वेतनाविषयी काय वाटते, हे नियमितपणे विचारणारी व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही. त्याच्या भल्याचा निर्णय नेहमी वरून येणार, हे गृहीतच होते.

९/
आता थोडे लंडनला जाऊ. ३० ऑगस्ट १९१८. पहिले महायुद्ध अजून चालू होते आणि लंडनचे पोलीस संपावर गेले. महागाईने ते बेजार झाले होते. त्यांची संघटना १९१३ पासून गुप्तपणे चालत होती. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना त्यांच्याशी बोलणे भाग पडले. वेतनवाढ मिळाली आणि पोलिसांच्या विधवांसाठी निवृत्तिवेतनही मान्य झाले.

१०/
ही दुसरी मागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोलीस मेल्यावर त्याच्या घरच्यांचे काय, हा प्रश्न संपकऱ्यांनी मांडला होता. कुटुंबाचे कल्याण ही सरकारला आपणहून सुचलेली गोष्ट नव्हती. तो प्रश्न पोलिसांनी स्वतः टेबलावर ठेवला, म्हणून तिथे आला.

११/
त्यानंतर सरकारने डेस्बरो समिती नेमली. तिने भरीव वेतनवाढ आणि देशभर समान वेतनश्रेणी सुचवली. त्याच सुमारास १९१९चा पोलीस कायदा आला. त्याने पोलिसांना कामगार संघटनेचे सदस्य होण्यास मनाई केली. ऑगस्ट १९१९ मध्ये लिव्हरपूल आणि अन्यत्र दुसरा संप झाला, तेव्हा संपावर गेलेल्या प्रत्येकाला बडतर्फ करण्यात आले. कुणालाही परत घेतले नाही.

१२/
म्हणजे ब्रिटिश सरकार आपल्या देशातही काही मवाळ नव्हते. मात्र त्याच १९१९च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली : ‘पोलीस फेडरेशन’ नावाची वैधानिक संस्था निर्माण केली. संपाचा अधिकार नाही, पण वेतन, सेवाशर्ती आणि कल्याण यांविषयी खालच्या हुद्द्यांच्या पोलिसांचे म्हणणे सरकारपुढे मांडण्याचा अधिकार तिला मिळाला. एक दार बंद केले, दुसरे कायद्यानेच उघडले.

१३/
तीन वर्षांनी भारतात काय झाले? असहकार आणि खिलाफत चळवळींच्या काळात इंग्रजी नोकऱ्या सोडा, असे आवाहन होत होते. पोलीस फुटले तर राज्य चालणार नाही, ही भीती होती. १९२२ मध्ये पोलिसांत असंतोष चिथावण्याविरुद्ध कायदा झाला. पोलिसाला सेवा नाकारण्यास प्रवृत्त करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१४/
या कायद्याचे कलम ४ इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे. सरकारने मान्यता दिलेल्या पोलीस संघटनेने पोलिसांच्या हितासाठी केलेली कृती गुन्हा ठरणार नाही, असे ते सांगते. म्हणजे संघटना असू शकते, हे कायद्याच्या कर्त्यांना ठाऊक होते. फक्त इंग्लंडमध्ये कायद्याने ती निर्माण केली. इथे ती सरकारच्या मर्जीवर सोडली.

१५/
राज्यकर्ते एकच, काळ एकच, भीतीही एकच. लंडनच्या शिपायाला मनाईबरोबर व्यासपीठ मिळाले; मुंबईच्या शिपायाच्या वाट्याला प्रामुख्याने मनाई आली. वसाहतीचा पोलीस हा नागरिक नव्हता, नोकर होता, आणि नोकराच्या भल्याचा विचार मालकाने करायचा असतो. हा फरक पुढच्या शंभर वर्षांत आपण पुसून टाकायला हवा होता.

१६/
आता घरांकडे. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. त्याची आद्याक्षरे म्हणजेच आजच्या बीडीडी चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

१७/
या चाळी मुख्यतः कामगारांसाठी बांधल्या होत्या. सुरुवातीला अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. पुढे यांतल्या कित्येक खोल्या पोलिसांची सेवानिवासस्थाने झाल्या. जिथे सत्याग्रही डांबले, तशाच खोल्यांत स्वतंत्र भारताच्या शिपायाने संसार मांडला.

१८/
सेवानिवासस्थान या शब्दात एक अट दडलेली असते. घर सेवेपुरते. निवृत्ती आली, किंवा सेवेत असतानाच मृत्यू आला, की घर सोडायचे. ज्या कुटुंबाने तीस वर्षे त्या खोलीत काढली, मुले ज्या शाळेत शिकली, ती सगळी वीण त्या एका सूचनापत्राने उसवते. म्हणून पोलिसाच्या घरात निवृत्तीची तारीख ही आनंदाची असते तशीच धास्तीचीही असते.

१९/
महाराष्ट्राने या प्रश्नाकडे दुर्लक्षच केले, असे म्हणता येणार नाही. १९७४ मध्ये राज्यात पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ स्थापन झाले. नावात ‘गृहनिर्माण’ आणि ‘कल्याण’ हे दोन्ही शब्द शेजारी आहेत, हे योग्यच आहे. पोलिसाच्या कुटुंबाच्या दृष्टीने कल्याणाची पहिली खूण म्हणजे डोक्यावरचे छप्पर.

२०/
पण देशभर तोवर पाणी बरेच वाहून गेले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यानुसार १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीवाचून संघटना नाही, वृत्तपत्रांशी बोलणे नाही. उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कैद.

२१/
पुढच्या घटनांचा क्रम पाहावा.
१९६७ : दिल्ली पोलिसांचे आंदोलन. त्यांच्या संघटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने निर्बंध वैध ठरवले.
१९७३ : उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांचे बंड. लष्कर आले, गोळीबार झाला, मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी यांना पायउतार व्हावे लागले.
१९७९ : पंजाबपासून सुरू झालेला असंतोष अनेक राज्यांत पसरला.

२२/
बंदी होती, बंड थांबले नाही. याच्या शेजारी ब्रिटनचा अनुभव ठेवावा. १९७७-७८ मध्ये तिथेही पोलीस वेतनावरून संतापले होते, संपाच्या हक्काची भाषा सुरू झाली होती. सरकारने एडमंड-डेव्हिस चौकशी समिती नेमली. तिने सुमारे ४५ टक्के वाढ सुचवली. संप झाला नाही. १९१९ नंतर तिथे पोलिसांचा संप झालेलाच नाही.

२३/
भारतातही शहाणे लोक होते. जनता सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. फेब्रुवारी १९७९ मधल्या पहिल्याच अहवालात आयोगाने शिपायाचे वेतन, घर, बढती आणि तक्रारनिवारण हे विषय हाताळले. राजकीय हस्तक्षेपासारखे भारदस्त विषय त्यानंतर आले. आधी शिपायाचे घर, मग बाकीचे.

२४/
आयोगासमोर आलेल्या अभ्यासातून दिसले की खालच्या श्रेणीतील पोलीस रोज १० ते १६ तास, आठवड्याचे सातही दिवस काम करतात. वरिष्ठांच्या घरी शिपायांना घरगड्यासारखे राबवण्याच्या प्रथेवरही आयोगाने बोट ठेवले. १९८१ पर्यंत एकूण आठ अहवाल आले. तोवर सरकार बदलले होते. बरेचसे अहवाल कपाटात गेले.

२५/
आणि मग १९८२ची मुंबई. महाराष्ट्रातील पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना तेव्हा शासनमान्य होती. मागण्या वेतनाच्या, घरांच्या आणि वागणुकीच्या होत्या. शहरात १८ जानेवारीपासून गिरणी संप चालू होता. पोलीस आणि गिरणी कामगार एकाच वस्तीत, अनेकदा एकाच गोतावळ्यात राहत. दिवसा एक भाऊ मोर्चात आणि दुसरा बंदोबस्तात, अशी घरे गिरणगावात होती.

२६/
१५ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध केला. तीन दिवसांनी, १८ तारखेला, बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि नेत्यांना अटक केली. त्यानंतर जे घडले त्याने या धाग्याची सुरुवात झाली. जाळपोळ, लूट, गोळीबार, लष्कर. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. संघटना संपली.

२७/
त्या दिवशीच्या हिंसेचे समर्थन करता येत नाही. गणवेशातला माणूस कायदा हातात घेतो, तेव्हा सर्वांत दुबळ्या नागरिकाचे संरक्षण आधी संपते. पण इतिहासाने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. संघटना गेली; तिने मांडलेले प्रश्न कुठे गेले? ते वरळीच्या १६० चौरस फुटांत तसेच राहिले.

२८/
त्यानंतरच्या चार दशकांत पोलिसांना काय मिळाले, याची प्रामाणिक नोंद घ्यावी. वेतन आयोगांमुळे पगार सुधारले. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आली. नवी निवासस्थाने बांधली गेली. कोविडच्या काळात मृत पोलिसांच्या वारसांना ५० लाख रुपये देण्याचा निर्णय झाला. मुंबईत ५५ वर्षांवरील पोलिसांना रस्त्यावरच्या कामातून दूर ठेवले गेले. हे सर्व मोलाचे आहे.

२९/
मात्र शब्द पाहावेत. वारसाला मिळते ते ‘सानुग्रह’ अनुदान : अनुग्रहासहित, म्हणजे कृपेने दिलेले. मुलाला नोकरी मिळते ती ‘अनुकंपा’ तत्त्वावर : म्हणजे दयेने. निधी असतो तो ‘कल्याण’ निधी. शासकीय मराठीने या योजनांना दिलेली नावेच सांगतात की देणारा स्वतःला दाता समजतो. ‘देणे लागतो’ हा भाव त्यांत कुठेच नाही.

३०/
याची प्रचीती बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात आली. चाळीतल्या पोलीस कुटुंबांना तिथेच मालकीचे घर द्यायचे ठरले, तेव्हा २०२२ मध्ये किंमत आधी ५० लाख रुपये सांगितली गेली. विरोध झाला, मग २५ लाख. सरकार बदलले, मग १५ लाख. घर तेच, क्षेत्रफळ तेच ५०० चौरस फूट, कुटुंबेही तीच. काही महिन्यांत आकडा दोनदा बदलला.

३१/
शेवटचा आकडा शिपायाला परवडणारा ठरला, याचा आनंदच आहे. पण ज्या सूत्रावर तो बेतला, ते सूत्र कुठले? आज मंत्र्याची इच्छा, उद्या निवडणुकीचा मोसम. ५० लाखांचे १५ लाख ज्या सहजतेने होतात, त्याच सहजतेने १५ लाखांचे ५० लाखही होऊ शकतात. हक्काचा हिशेब असा हेलकावत नाही.

३२/
कामाच्या तासांची गोष्टही तशीच. २०१६ मध्ये आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. मूळ कल्पना एका शिपायाने मांडली होती. १ जानेवारी २०१८ पासून तो शहरातील सर्व पोलीस ठाण्यांत लागू झाला. १८६१ पासूनच्या ‘सदैव कर्तव्या’ला मिळालेला हा पहिला गंभीर छेद होता.

३३/
पण तो आदेश होता, कायदा नव्हता. अधिकारी बदलतात, मनुष्यबळ अपुरे पडते, सण येतात, महासाथ येते, आणि पाळी पुन्हा बारा तासांवर सरकते. २०२२ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय जाहीर केला, तोही आदेशच. चांगल्या वरिष्ठाच्या कारकिर्दीएवढेच त्या सुखाचे आयुष्य.

३४/
या विषयाची आकडेवारी नवी नाही. २०१४ मध्ये केंद्राच्या पोलीस संशोधन ब्युरोसाठी झालेल्या अभ्यासात पोलीस ठाण्यातील जवळजवळ ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात, असे आढळले. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०१९च्या अहवालात सरासरी १४ तास ही संख्या आली. सुमारे निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच नव्हती. १९७९च्या अहवालाशी हे ताडून पाहावे. चाळीस वर्षांत चित्र फारसे हललेले नाही.

३५/
आक्षेप पहिला : शस्त्रधारी दलाला संघटनेची मुभा म्हणजे आगीशी खेळ. यातला संपाचा भाग योग्य आहे. पोलिसांना संपाचा हक्क नसावा. परंतु संप आणि प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६६चा कायदाही मान्यताप्राप्त संघटनेस वाव ठेवतो. केरळात पोलिसांच्या शासनमान्य संघटना कित्येक वर्षे कार्यरत आहेत. म्हणून तिथे राज्य बुडालेले नाही.

३६/
आक्षेप दुसरा, अधिक टोकदार : कोठडीत मारहाण करणाऱ्या, गरिबाची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसांविषयी सहानुभूती कशाला? हा संताप खरा आहे आणि त्याला आधारही आहे. थकवा हे अत्याचाराचे समर्थन होऊ शकत नाही. पोलिसांच्या संघटनेने दोषी सहकाऱ्यांची ढाल बनण्याचा धोकाही खराच आहे. तिची कक्षा म्हणूनच सेवाशर्ती आणि कुटुंबकल्याण यांपुरती कायद्याने आखावी.

३७/
पण हेही विचारात घ्यावे : वरून आलेला चुकीचा हुकूम नाकारण्याचे बळ कुणात असते? ज्याचे घर, बदली, रजा आणि मुलाची संभाव्य नोकरी, सगळे वरिष्ठाच्या मर्जीवर आहे, त्याच्यात ते कुठून येणार? सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ नेमायला सांगितले, ते याच कारणाने. उपकाराखाली दबलेला पोलीस नागरिकाचा रक्षक होण्याआधी सत्तेचा आज्ञाधारक होतो.

३८/
आणि कुटुंबे? शिपायाला बोलण्यास बंदी आहे, त्याच्या पत्नीला नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणात विशेष पोलीस दलातील जवानांच्या पत्नी रजा आणि घरापासून दूर ठेवणाऱ्या नेमणुकांविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यानंतर कारवाई झाली ती जवानांवर. कायद्याने दाबलेला आवाज घराच्या दारातून बाहेर आला, आणि शिक्षा पुन्हा गणवेशालाच मिळाली.

३९/
२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान शहीद झाले, त्यांची ही आठवण. मुंबईत २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबला धरले. त्यांना अशोकचक्र मिळाले. मृतांचा सन्मान आपण नेटाने करतो. जिवंतांचे ऐकून घेण्याची मात्र सोय नाही.

४०/
मग करावे काय? तीन गोष्टी. एक : पोलीस शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या हुद्द्यांसाठी निवडून आलेले, संपाचा अधिकार नसलेले, पण शासनाने ज्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असेल असे प्रतिनिधी मंडळ. त्यात कुटुंबांचा, विशेषतः सेवेत मृत्यू आलेल्यांच्या वारसांचा, प्रतिनिधी असावा.

४१/
दोन : कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी आदेशाऐवजी कायद्यात यावी. आणीबाणीचा अपवाद ठेवावा. पण प्रत्येक जादा तासाची नोंद व्हावी आणि मोबदला मिळावा. जे मोजले जाते, त्याचा हिशेब मागता येतो. कलम २८ मधील ‘सदैव’ या शब्दाचा अर्थ ‘कधीही बोलावता येईल’ एवढाच असावा. ‘कधीच सोडायचे नाही’ असा तो होऊ नये.

४२/
तीन : घराचे सूत्र. इतक्या वर्षांची सेवा, इतका सवलतीचा दर. मृत्यू झाल्यास कुटुंबाला इतकी मुदत. हे आधीच ठरलेले, छापलेले आणि सर्वांना समान असावे. मग कुणा मंत्र्याला ५०, २५, १५ असे आकडे जाहीर करावे लागणार नाहीत, आणि कुणा पोलीसपत्नीला निवेदन घेऊन बंगल्याबाहेर ताटकळावे लागणार नाही.

४३/
यासाठी खर्च येईल, हे उघड आहे. आठ तासांच्या पाळ्या म्हणजे अधिक भरती, अधिक घरे. पण १९८२ नेही किंमत वसूल केलीच होती, आणि ती केवळ सरकारने मोजली नाही. ती दुकानदाराने, प्रवाशाने, गिरणी कामगाराने आणि नोकरी गमावलेल्या शिपायाच्या घरानेही मोजली.

४४/
बीडीडी चाळी आता एकेक करून पाडल्या जात आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भिंतींबरोबर कामगारांचा, सत्याग्रहींचा आणि पोलिसांचा इतिहासही जमीनदोस्त होईल. नव्या इमारतींत मोठी घरे मिळतील, ती मिळायलाच हवीत. पण पोलिसाने मागायचे नाही, दिले ते घ्यायचे, हा १९२२चा विचार जुन्या चाळीतून नव्या इमारतीत जसाच्या तसा राहायला गेला, तर पुनर्विकास फक्त सिमेंटचा झाला असे म्हणावे लागेल.

(धागा समाप्त)